डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग : इन्सुलिनचा शोध लावणारा शेतकऱ्याचा पुत्र

दरवर्षी नोव्हेंबर महिन्याच्या १४ व्या तारखेस आपल्या शाळांतून बालदिन साजरा होतो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच दिवशी जगातील अनेक देशांत मधुमेहदिन पाळतात, आणि त्यासाठी तोच दिवस निवडण्याचे कारण एका मनुष्याचा जन्मदिवस होय, हे आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत थोड्यांसच ठाऊक असेल. त्या मनुष्याचे नाव फ्रेडरिक ग्रँट बँटिंग. तो पाळक नव्हता, मिशनरी नव्हता, आणि पुढे आम्ही सांगणार आहो त्याप्रमाणे सर्वच बाबतींत अनुकरणीयही नव्हता. तथापि देवाने त्याच्या हातून जे कार्य करविले त्याच्या योगे आजपर्यंत लक्षावधी मुले मरणाच्या दारातून परत आली आहेत. आपल्या मंडळ्यांतील ज्या घरांत असे एखादे मूल आहे तेथील मातापित्यांनी, व त्यांस सल्ला देणाऱ्या उपदेशकांनी, हे चरित्र जाणून घ्यावे हे आम्हांस अगत्याचे वाटते. म्हणून ते येथे थोडक्यात देत आहो.

कॅनडा देशाच्या ऑन्टारिओ प्रांतात, टोरंटो शहराच्या उत्तरेकडील भागात अ‍ॅलिस्टन नावाचे गाव आहे. त्या गावाजवळील एका शेतावर १८९१ साली फ्रेडरिकचा जन्म झाला. बाप विल्यम व आई मार्गारेट ही दोघे मेथॉडिस्ट मंडळीची भाविक माणसे होती. घरात पाच भावंडे असून फ्रेडरिक सर्वांत धाकटा होता. गुरांना चारा घालणे, गोठा झाडणे, हंगामात बापाबरोबर शेतात राबणे, ही कामे करीत तो वाढला. शाळेत तो हुशार म्हणून कधी गाजला नाही. परंतु हाती घेतलेले काम अर्धवट टाकावयाचे नाही, ही सवय त्यास शेतावरच लागली. आणि गोठ्यात मिळालेले ज्ञान पुढे त्याच्या कसे उपयोगी पडले हे वाचकांस लवकरच दिसेल.

आपल्या मुलाने शुभवर्तमानाचा सेवक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. म्हणून १९१० साली तो टोरंटो येथील व्हिक्टोरिया कॉलेजात, म्हणजे मेथॉडिस्ट मंडळीच्या विद्यालयात, दाखल झाला. तेथे पहिल्याच वर्षी तो नापास झाला. पाळक होण्याकडे आपला कल नाही हे त्यास कळून चुकले, व १९१२ साली त्याने वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. मुलगा देवाच्या सेवेस दिला आणि तो भलत्याच वाटेने गेला, असे वाटून कित्येक मातापिता खिन्न होतात. अशांनी हे ध्यानात ठेवावे की, प्रभूची सेवा केवळ व्यासपीठावरूनच होते असे नाही. लूक हा वैद्य होता, आणि पौलाच्या प्रवासात तो त्याचा सोबती झाला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच फ्रेडरिकने सैन्यात जाण्याचा यत्न केला. पण दृष्टी कमजोर म्हणून त्यास परत पाठविण्यात आले. पुढे डॉक्टरांची फार निकड लागल्यामुळे त्याच्या वर्गाचा अभ्यासक्रम घाईने उरकण्यात आला, व १९१६ च्या डिसेंबरात परीक्षा उतरून तो सैन्याचा डॉक्टर झाला. १९१८ च्या सप्टेंबरात फ्रान्स देशात कांब्रे येथील लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या उजव्या हातात शिरला. तरीही स्वतःच्या जखमेची पर्वा न करता तो कित्येक तास इतर जखमी शिपायांवर उपचार करीत राहिला. याबद्दल त्यास मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले.

युद्ध संपल्यावर डॉक्टर बँटिंग मायदेशी परतले. काही काळ टोरंटोच्या मुलांच्या इस्पितळात शस्त्रक्रियेचे काम केल्यावर १९२० च्या जुलै महिन्यात त्यांनी ऑन्टारिओतील लंडन या गावी स्वतःचा दवाखाना उघडला. दारावर पाटी लागली, पण रोगी येईनात. पहिल्या महिन्याची सारी मिळकत चार डॉलर झाली. कर्ज वाढले, आणि ज्या तरुणीशी विवाह ठरला होता तिच्याशीही बेबनाव झाला. पोटापाण्यासाठी त्यांनी तेथील वैद्यकशाळेत शिकविण्याचे हलके काम पत्करले. जगाच्या दृष्टीने पाहिले तर २८ वर्षांचा हा डॉक्टर सर्व बाजूंनी अपयशी ठरला होता.

आता पुढील हकीकत नीट समजावी म्हणून मधुमेहाविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की, त्यांचा रस नळीवाटे बाहेर न पडता परस्पर रक्तात मिसळतो. त्यांस अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात. गळ्यात असणारी थायरॉईड, मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल, मेंदूच्या तळाशी असणारी पिट्यूटरी, या त्यांपैकी होत. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. ती दुहेरी काम करते. तिचा एक रस नळीवाटे आतड्यात जाऊन अन्न पचवितो. परंतु त्याच ग्रंथीत लहान लहान बेटांसारखे पेशींचे पुंजके विखुरलेले असतात, ते पाउल लांगरहान्स या जर्मन विद्वानाने १८६९ साली प्रथम पाहिले. १८८९ साली मिंकोव्स्की व फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्यास मधुमेह जडला. यावरून त्या ग्रंथीतून रक्तात काही तरी उतरत असावे, आणि त्याच्या अभावी साखर शरीराच्या कामी न येता मूत्रावाटे वाहून जात असावी, असा तर्क विद्वानांनी केला. मधुमेही रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हे आपल्या देशातील प्राचीन वैद्यांसही ठाऊक होते. परंतु ते काही तरी म्हणजे काय, व ते कसे मिळवावे, हे कोणास साधले नव्हते.

त्या काळी ज्या मुलास हा रोग जडे त्याचे मरण ठरलेलेच असे. मूल घटाघटा पाणी पिई, वारंवार लघवीस जाई, खाऊनही वाळत जाई, आणि काही महिन्यांत, फार तर एकदोन वर्षांत, बेशुद्ध होऊन मरे. न्यूयॉर्क येथील डॉक्टर अ‍ॅलन यांनी अन्न अत्यंत मोजून देण्याचा उपाय काढला होता. त्याने रोगी काही काळ अधिक जगे. परंतु ते जगणे म्हणजे उपासमारच होय. आपल्या भुकेल्या लेकरास आपल्याच हाताने अन्न नाकारावे, हा प्रसंग मातांवर येत असे.

१९२० च्या ऑक्टोबर महिन्याची अखेरची रात्र. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांस शिकवावयाच्या पाठाची तयारी करून डॉक्टर बँटिंग निजावयास गेले, व झोप येण्यासाठी एक वैद्यकीय मासिक चाळू लागले. त्यात मोझेस बॅरन नामक डॉक्टरचा स्वादुपिंडाविषयीचा लेख होता. तो वाचून त्यांस झोप येईना. पहाटे दोनच्या सुमारास त्यांच्या मनात आले की, स्वादुपिंडाची नळी बांधून टाकली तर पाचक रस करणारा भाग हळूहळू सुकून जाईल व बेटे मात्र शिल्लक राहतील. मग त्यांचा अर्क काढता येईल. उठून त्यांनी ही कल्पना वहीत टिपून ठेवली. त्या टिपणात रोगाच्या नावाचे स्पेलिंगसुद्धा चुकलेले आहे. यावरून ते या विषयाचे पंडित नव्हते हे उघड आहे. पुढे ही कल्पना सर्वांशी बरोबर ठरली असेही नाही; परंतु तिने त्यांस कामास लावले.

नोव्हेंबरात ते टोरंटो येथे प्रोफेसर मॅक्लाउड यांस भेटले. हे स्कॉटलंडचे विद्वान या विषयात नावाजलेले होते. समोरच्या तरुणाचे ज्ञान तोकडे आहे हे त्यांनी तेव्हाच ओळखले. तथापि अखेर त्यांनी उन्हाळ्यापुरती एक प्रयोगशाळा, काही कुत्री व एक विद्यार्थी मदतीस देण्याचे कबूल केले. दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोणी जावे हे नाणे उडवून ठरविले गेले, असे सांगतात. त्यात चार्ल्स बेस्ट याची निवड झाली. त्याचे वय अवघे २२ वर्षांचे होते.

१७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. उन्हाळा कडक, खोली कोंदट, पगार काही नाही. आरंभी एकामागून एक कुत्री मरत गेली. तरी दोघे हटले नाहीत. अखेर ३० जुलै रोजी मधुमेही कुत्र्यास अर्क टोचला असता त्याच्या रक्तातील साखर उतरली. पुढे मार्जोरी नावाची एक कुत्री या औषधावर सुमारे ७० दिवस जगली. मुक्या प्राण्यांनी या शोधासाठी फार सोसले, हे लपविणे योग्य नव्हे. ज्या घरात आज इन्सुलिनची बाटली आहे त्या घराने हे ऋण विसरू नये.

परंतु अशा रीतीने अर्क फार थोडा मिळे. येथे शेतकऱ्याच्या पुत्रास गोठा आठवला. त्यांच्या मुलखात गाय लवकर पुष्ट व्हावी म्हणून कसाईखान्यात पाठविण्यापूर्वी ती गाभण करीत, हे त्यांस ठाऊक होते. न जन्मलेल्या वासराच्या स्वादुपिंडात पाचक रस फारसा नसणार व बेटे पुष्कळ असणार, असा विचार करून ते कसाईखान्यात गेले आणि ती स्वादुपिंडे घेऊन आले. अर्क उतरला. पुढे मोठ्या गुरांच्या स्वादुपिंडापासूनही मद्यार्काच्या साहाय्याने औषध काढता येऊ लागले. डिसेंबरात जेम्स कॉलिप हा कुशल रसायनवेत्ता त्यांस येऊन मिळाला, व अर्क शुद्ध करण्याचे काम त्याने हाती घेतले.

टोरंटोच्या जनरल इस्पितळात लेनर्ड थॉम्प्सन नावाचा सुमारे १४ वर्षांचा मुलगा मरणोन्मुख पडला होता. त्याचे वजन केवळ ६५ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो राहिले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्यास पहिली सुई टोचण्यात आली. साखर थोडीशी उतरली, परंतु औषध अशुद्ध असल्यामुळे टोचलेल्या जागी गळू झाले, व उपचार थांबवावा लागला. पुढील बारा दिवस कॉलिपने रात्रंदिवस खपून अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीस पुन्हा सुई दिली, तेव्हा मुलाच्या रक्तातील साखर ५२० वरून १२० वर आली. तो हसूबोलू लागला, त्याच्या अंगी बळ आले, आणि पुढे तो आणखी १३ वर्षे जगला. या दिवसांविषयी अशी एक कथा सांगण्यात येते की, एका दालनात पुष्कळ बेशुद्ध मुले ओळीने निजली होती, व शेवटच्या मुलास सुई देईपर्यंत पहिले जागे झाले. आमच्या उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, ही कथा त्यांनी उपदेशात वापरू नये. कारण तिला विश्वसनीय आधार मिळत नाही. देवाच्या स्तुतीसाठी खरी घडलेली गोष्टच पुरेशी आहे. एक मुलगा वाचला, आणि तो पहिल्या सुईने नव्हे तर दुसऱ्या सुईने वाचला.

या औषधास इन्सुलिन हे नाव पडले. लॅटिन भाषेत बेटास जो शब्द आहे त्यावरून ते घेतले आहे. १९२२ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन येथील वैद्यांच्या सभेत मॅक्लाउड यांनी हा शोध जाहीर केला. इकडे त्याच सुमारास औषध मोठ्या प्रमाणावर करू जाता ते साधेना, आणि काही काळ जवळजवळ काहीच हाती लागेना. मागणी मात्र चहूंकडून येत होती. पुढे अमेरिकेतील एलाय लिली या कंपनीच्या साहाय्याने ही अडचण दूर झाली. त्या दिवसांत जो गिलख्रिस्ट नावाचे डॉक्टर, जे बँटिंग यांचे सहाध्यायी असून स्वतः मधुमेही होते, नवे औषध आले की ते प्रथम आपल्या अंगावर टोचून पाहत, व निर्भय वाटल्यावरच इतर रोग्यांस देत. परोपकाराचे हे उदाहरण लहान नव्हे.

त्याच वर्षी ऑगस्टात एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी टोरंटोस आली. तिचा बाप अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री होता. वय १५ वर्षांचे भरत आले होते, पण वजन केवळ ४५ पौंड, म्हणजे सुमारे २० किलो. तीन वर्षे ती मोजक्या अन्नावर जगत होती. या काळात एक परिचारिका तिच्याबरोबर सतत राहिली. प्रत्येक घास तोलणे, मूत्र तपासणे, आकडे लिहून ठेवणे, रडणाऱ्या मुलीस धीर देणे, हे काम तिने केले. पूर्वी पुष्कळ मुलांस औषध मिळण्याआधीच मरण आले. एलिझाबेथ औषध येईपर्यंत तग धरून राहिली ती या शुश्रूषेच्या बळावर. डॉक्टर बँटिंग यांनी इन्सुलिन सुरू केल्यावर ती झपाट्याने सुधारली. पुढे तिचे लग्न झाले, मुले झाली, आणि १९८१ साली ७३ वर्षांची होऊन ती वारली. शोध लावणाऱ्याचे नाव जगभर झाले, पण शुश्रूषा करणारीचे नाव थोड्यांसच ठाऊक आहे. आमच्या भगिनींपैकी ज्या परिचारिका आहेत त्यांनी यातून समाधान घ्यावे. मनुष्यांनी न लिहिलेली नावे देवाजवळ लिहिलेली आहेत.

आता डॉक्टर बँटिंग यांच्या चरित्रातील दोन गोष्टी, एक प्रकाशाची व एक सावलीची, आम्हांस सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, या औषधाचा हक्क विकून ते व त्यांचे सोबती अपार धन मिळवू शकले असते. परंतु बँटिंग, बेस्ट व कॉलिप या तिघांनी तो हक्क १९२३ साली टोरंटो विद्यापीठास दिला, आणि मोबदला म्हणून प्रत्येकी केवळ एक डॉलर घेतला. औषध कोणा एकाच्या मुठीत राहू नये, व भेसळीचे औषध विकले जाऊ नये, असा त्यांचा हेतू होता. ज्याच्या दवाखान्याची महिन्याची मिळकत एकदा चार डॉलर होती त्याने हे केले, हे विशेष होय. तथापि आज शंभर वर्षांनंतरही जगात कित्येक गरिबांस हे औषध परवडत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. तो दोष देणाऱ्यांचा नव्हे.

दुसरी गोष्ट ही की, हे चौघे सहकारी एकमेकांशी प्रेमाने राहिले नाहीत. मॅक्लाउड आपले श्रेय हिरावून घेत आहेत असा ग्रह बँटिंग यांनी करून घेतला. कॉलिपशी तर एकदा प्रसंग हातघाईवर आला, असे बेस्टने पुढे सांगितले. १९२३ साली नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड यांस विभागून देण्यात आले, तेव्हा बँटिंग संतापले, व आपल्या वाट्याची अर्धी रक्कम त्यांनी बेस्टला दिली. मॅक्लाउड यांनीही आपली अर्धी रक्कम कॉलिपला दिली. वास्तविक चौघांपैकी एक जरी नसता तरी काम तडीस गेले नसते. रुमानिया देशाच्या पाउलेस्कु या विद्वानानेही १९२१ साली अशाच अर्काविषयी लिहिले होते, तो तर मागेच राहिला. श्रेयाचा हा तंटा वाचून आम्हांस करिंथ येथील मंडळीची आठवण होते. एकाने लावावे, दुसऱ्याने पाणी घालावे, आणि वाढ देवाने द्यावी, हा नियम प्रयोगशाळेतही खरा आहे आणि आपल्या पंचायतींतही खरा आहे.

पुढील आयुष्यात डॉक्टर बँटिंग यांस मानसन्मान पुष्कळ मिळाला. कॅनडाच्या पार्लमेंटाने त्यांस तहहयात वर्षासन दिले, व १९३४ साली त्यांस सर ही पदवी मिळाली. परंतु घरात सुख लाभले नाही. १९२४ साली झालेला त्यांचा पहिला विवाह १९३२ साली घटस्फोटाने मोडला. चित्रे काढण्याचा त्यांस नाद होता, आणि मन थकले की ते रंगांची पेटी घेऊन दूर हिमप्रदेशात जात. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर विमानात उडणाऱ्या शिपायांच्या प्रकृतीविषयी ते संशोधन करू लागले. त्याच कामासाठी इंग्लंडास जात असता २० फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांचे विमान न्यूफाउंडलंड बेटावर मस्ग्रेव्ह हार्बरजवळ कोसळले, व दुसऱ्या दिवशी त्यांचे देहावसान झाले. वय ४९ वर्षांचे होते. विमान चालविणारा मात्र वाचला. येणेप्रमाणे रागीट, चिकाटीचा, निर्लोभी, दुःखी असा हा मनुष्य गेला. पौलाने मातीच्या पात्रांविषयी जे लिहिले आहे ते अशाच माणसांकडे पाहून कळते.

या चरित्रावरून आपल्या मंडळ्यांनी काय घ्यावे? इन्सुलिन मधुमेहाचा समूळ नाश करीत नाही. ते फक्त शरीरास उणे पडलेली वस्तू रोजच्या रोज पुरविते. गोळी म्हणून ते पोटात घेतल्यास पचून निरुपयोगी होते, म्हणून टोचूनच घ्यावे लागते. १९८२ सालापासून ते गुरांपासून न काढता सूक्ष्म जंतूंकडून करवून घेतलेलेही मिळू लागले. ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन मुळीच होत नाही त्याचे औषध एक दिवसही बंद ठेवणे म्हणजे त्यास लेनर्डच्या खाटेवर परत नेणे होय. विश्वास असेल तर औषध कशाला, असे म्हणून कोणी सुई थांबविण्याचा उपदेश करीत असेल तर तो विश्वास नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणे आहे. प्रार्थना अवश्य करावी. सुई देताना करावी, सुईच्या ऐवजी करू नये. तसेच इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरच्या सल्ल्यावाचून उपवास धरू नये. देव त्याच्यापासून तो उपवास मागत नाही.

शुश्रूषेविषयी बॉस्टन येथील डॉक्टर जॉस्लिन यांनी फार मोठे काम केले. रोग्यास व त्याच्या घरच्यांस रोगाचे शिक्षण देणे हा औषधाचाच भाग आहे असे ते मानीत, व त्यासाठी त्यांनी परिचारिकांस शिकवून रोग्यांच्या घरी पाठविले. त्या शिक्षणातील मुख्य गोष्टी आम्ही येथे देतो. प्रत्येक रोग्याचे प्रमाण मात्र त्याच्या डॉक्टरनेच ठरवावयाचे आहे.

पहिली गोष्ट, आपल्याकडे ४० व १०० अशा दोन ताकदींचे इन्सुलिन मिळते. बाटलीवर जो आकडा असेल तोच सिरिंजवर असला पाहिजे. न जुळल्यास प्रमाण चुकून प्राणावर बेतते. दुसरी, सुई रोज एकाच जागी टोचू नये. पोट, मांडी, दंड अशा जागा बदलाव्या, नाही तर तेथे गाठी होतात. एकाची सुई दुसऱ्यास कधीही वापरू नये. तिसरी, औषध उन्हात, चुलीजवळ किंवा बर्फात ठेवू नये. ज्या घरी फ्रीज नाही तेथे मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे, बाटली पाणी न लागेल अशी पिशवीत बांधून आत ठेवावी, आणि मडके सावलीत असावे. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांपेक्षा अधिक वापरू नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सुई घेऊन जेवण चुकले किंवा श्रम फार झाले तर साखर एकाएकी उतरते. रोग्यास घाम सुटतो, हातपाय कापतात, भूक लागते, तो असंबद्ध बोलू लागतो. कित्येक वेळा लोक यास बाहेरची बाधा समजून भलतेच करीत बसतात. रोगी शुद्धीवर असेल तर त्यास ताबडतोब तीनचार चमचे साखर पाण्यात घालून पाजावी व मग खावयास द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर निजवून त्वरित इस्पितळात न्यावे. उलट तहान फार, वांत्या, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, अशी चिन्हे दिसली तर साखर चढली आहे असे जाणून तितक्याच त्वरेने डॉक्टर गाठावा. ताप आला व जेवण गेले म्हणून इन्सुलिन आपल्या मताने बंद करू नये. पाचवी गोष्ट, मोठ्या माणसांनी रोज रात्री पाय धुऊन तळवे पाहावे. या रोगात पायाची संवेदना कमी होते. काटा मोडलेला कळत नाही व जखम चिघळते. शेतात अनवाणी जाऊ नये, आणि कुरूप घरी पात्याने कापू नये.

शेवटी उपदेशकांस एक विनंती. मुलीस हा रोग असला की पुष्कळ घरी तो लपवितात, तिची सुई चोरून देतात, आणि लग्नाच्या वेळी ती बंदही करतात. अशा घरी आपण जावे, आईबापांस धीर द्यावा, आणि एलिझाबेथ ह्यूज हिची हकीकत सांगावी. शाळेच्या शिक्षकांसही अशा मुलाविषयी आधीच कळवून ठेवावे, म्हणजे त्याच्या दप्तरातील साखरेची पुडी कोणी काढून घेणार नाही. येत्या १४ नोव्हेंबरास बालदिनाच्या उपासनेत प्रत्येक मंडळीने मधुमेही मुलांसाठी प्रार्थना करावी, आणि जेथे एखाद्या कुटुंबास औषधाचा खर्च झेपत नसेल तेथे त्या दिवसाचे दान त्या कामी लावावे. तीन माणसांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन ज्याचा हक्क सोडला, ते औषध आपल्या शेजारच्या घरात पैशांवाचून अडून राहू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. प्रभू आपणांस तसे करण्यास कृपा देवो.